ताणा, बाणा आणि बिंदू : वाचकांचे गणितविषयक प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत : आलेखकागदावर बिंदू स्थापन करणे. राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात निर्देशक भूमितीचे स्वतंत्र प्रकरण येते. पण मुले त्याआधीच, सहावी-सातवीपासून, आलेखकागद हाताळू लागतात आणि नववीत दिसणाऱ्या चुकांचे मूळ बहुधा याच वर्षांत असते. म्हणून या अंकातील सर्व जागा मी या एकाच विषयाला देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. आलेखकागदावर (३, ५) हा बिंदू दाखव म्हटले की तो कधी (५, ३) वर ठिपका काढतो, तर कधी एखाद्या चौकोनाच्या मधोमध. "आधी आडवे, मग उभे" हे मी त्याच्याकडून रोज म्हणवून घेते, ते त्याला तोंडपाठ आहे, तरीही चुका थांबत नाहीत. आमच्या घरी यंत्रमागाचा व्यवसाय आहे. चादरीच्या नक्षीचे आलेखकागद तो लहानपणापासून पाहत आला आहे, त्यामुळे त्याचे असे का होते हे मला कळत नाही.
— एक पालक, पूर्वभाग, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यामुळे मला उत्तराचा मोठा भाग सापडला. आपला मुलगा आलेखकागदाशी अपरिचित आहे म्हणून चुकत नसावा. तो त्या कागदाचा एक उपयोग उत्तम जाणतो आणि तोच उपयोग गणिताच्या वहीत करू पाहतो, असे मला वाटते.

जकार्ड मागासाठी नक्षी कागदावर उतरवताना प्रत्येक उभी ओळ ही ताण्याचा एक धागा असते आणि प्रत्येक आडवी ओळ ही बाण्याचा एक धागा असते. ज्या ठिकाणी ताण्याचा धागा वर उचलायचा असेल तो चौकोन रंगवायचा आणि जिथे तो खाली राहायचा असेल तो कोरा ठेवायचा. म्हणजे नक्षीकाराच्या दृष्टीने दोन धाग्यांचा छेद हा एक पूर्ण चौकोन असतो, आणि ते योग्यच आहे, कारण धाग्याला जाडी असते. गणितातील रेषेला मात्र जाडी नसते. जाडी नसलेल्या एका उभ्या आणि एका आडव्या रेषेचा छेद घेतला तर तिथे चौकोन उरत नाही, केवळ एक स्थान उरते आणि त्यालाच आपण बिंदू म्हणतो. नक्षीच्या कागदावर मोजायचे असतात ते चौकोन. निर्देशकांच्या, म्हणजे बिंदूची जागा सांगणाऱ्या आकड्यांच्या, कागदावर मोजायची असतात ती रेषांमधील अंतरे, आणि ठिपका द्यायचा असतो तो रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. हा फरक त्याला कोणी सांगितलेला नसावा. आपण त्याला नक्षीचा एक कागद आणि वहीतील एक आलेख शेजारी शेजारी ठेवून हे दाखवावे. मागावर वाढलेल्या मुलाला हे ज्या सहजतेने कळेल, त्या सहजतेने ते इतरांना कळणार नाही. बुद्धिबळाचा पट किंवा वर्गातील बाके यांची उदाहरणे पुष्कळदा दिली जातात, पण तिथेही जागा म्हणजे घर किंवा बाक असते, छेद नसतो. या विषयाची सुरुवात त्या उदाहरणांनी करू नये, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. आपल्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळी त्यांच्यापेक्षा अधिक जवळची, कारण तिच्यात प्रत्येक ठिपका खरोखरच दोन ओळींच्या छेदावर असतो.

आता चुकांचे निदान. आपल्या मुलाच्या चुका वरवर एकसारख्या भासल्या तरी त्या एकाहून अधिक प्रकारच्या असाव्यात, आणि प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा आहे. त्याला काहीही सूचना न देता (२, ६), (६, २), (४, ०), (०, ४) आणि (१, १) हे पाच बिंदू स्थापन करण्यास सांगावे. (४, ४) सारखा बिंदू मुद्दाम टाळावा, कारण क्रम उलटा घेतला तरी तो बरोबरच येतो आणि चूक झाकली जाते. जर (१, १) बरोबर आला आणि (२, ६) व (६, २) यांच्या जागांची अदलाबदल झाली, तर अडचण क्रमाची आहे. जर (१, १) थेट आरंभबिंदूवर, म्हणजे आडवा आणि उभा अक्ष जिथे छेदतात त्या (०, ०) वर, आला आणि (२, ६) हा (१, ५) च्या जागी आला, तर तो आरंभबिंदूच्या रेषेलाच "एक" म्हणून मोजतो आहे. पाच ठिपक्यांच्या मध्ये चारच अंतरे असतात हे रांगोळीवरून दाखवले की ही चूक लवकर जाते. आणि जर तो (१, १) पहिल्या चौकोनाच्या मधोमध काढत असेल, तर (४, ०) पाशी तो थबकेल, कारण चौकोन मोजणाऱ्याला "शून्यावा चौकोन" कुठेच सापडत नाही. ((४, ०) पाशी मूल थबकले तर रागावू नये, ते विचार करत असल्याची ती खूण असते.)

क्रमाच्या चुकीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण "आधी आडवे, मग उभे" हे सूत्र पाठ असूनही ती का होते, हा आपला खरा प्रश्न आहे. सूत्र शब्दांत असते आणि चूक हाताने होते. म्हणून सूत्र म्हणून घेण्याऐवजी बोट चालवून घ्यावे. प्रत्येक वेळी बोट आरंभबिंदूवर ठेवायचे, एक्स-अक्षावरून उजवीकडे तीन अंतरे जायचे, आणि बोट न उचलता तिथूनच वर पाच अंतरे चढायचे; बोट जिथे थांबेल तिथे ठिपका द्यायचा. दुसरी चाल पहिली जिथे संपली तिथून सुरू होते, हा यातील महत्त्वाचा भाग आहे. कित्येक मुले एक्स-अक्षावर ३ पाशी एक ठिपका आणि वाय-अक्षावर ५ पाशी दुसरा ठिपका काढून थांबतात, कारण त्यांच्या मनात ते दोन स्वतंत्र आकडे असतात. (३, ५) ही एका बिंदूची क्रमित जोडी आहे, हे बोटाच्या अखंड चालीतून जितके स्पष्ट होते तितके व्याख्येतून होत नाही. आठ-दहा दिवस रोज पाचच बिंदू, परंतु प्रत्येक बिंदू बोट चालवून आणि चाल मोठ्याने उच्चारून, एवढे करावे.

त्याने "आधी आडवेच का?" असे विचारले, तर हा सर्वांनी मिळून केलेला संकेत आहे, असे प्रामाणिकपणे सांगावे. आधी उभे जाण्याचा संकेत असता तरी गणित चाललेच असते. पण निम्म्या लोकांनी एक आणि निम्म्यांनी दुसरा क्रम घेतला असता, तर एकाने लिहिलेला बिंदू दुसऱ्याला सापडला नसता.

प्रश्न : सर, मी आठवीत आहे. (०, ४) मध्ये एक्स शून्य आहे, मग तो बिंदू एक्स-अक्षावर असायला हवा असे मला वाटते. पण बाईंनी तो वाय-अक्षावर आहे असे सांगितले. असे उलटे का? आणि तो कोणत्या चरणात येतो?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुझ्या बाईंचे बरोबर आहे, आणि तुझी शंकाही योग्य जागी आलेली आहे. तुझा गोंधळ "एक्स" या एका शब्दामुळे होतो आहे, कारण आपण तो दोन ठिकाणी वापरतो. एक्स-अक्ष हे एका रेषेचे नाव आहे. एक्स-निर्देशक ही मात्र एक संख्या आहे, आणि बिंदू वाय-अक्षापासून किती दूर आहे व कोणत्या बाजूला आहे, हे ती सांगते. मुद्दाम पुन्हा वाच : एक्स-निर्देशक हे वाय-अक्षापासूनचे अंतर दाखवतो. (३, ५) हा बिंदू वाय-अक्षापासून तीन एकके दूर आहे, (१, ५) हा एक एकक दूर आहे, आणि (०, ५) अजिबात दूर नाही, म्हणजेच तो वाय-अक्षावरच आहे. त्याच न्यायाने ज्याचा वाय-निर्देशक शून्य आहे तो बिंदू एक्स-अक्षावर असतो.

दोन्ही अक्ष प्रतलाचे चार भाग करतात आणि त्या भागांना चरण म्हणतात. अक्ष स्वतः कोणत्याही चरणात मोजले जात नाहीत. म्हणून (०, ४) कोणत्याच चरणात नाही. परीक्षेत "पहिला चरण" असे उत्तर लिहिले जाते, ते चूक ठरते. तिथे "वाय-अक्षावर" असे लिहावे.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातील एका शाळेत उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवते. सर्व मुलांना पुरेल इतका आलेखकागद नेहमी हाताशी नसतो. मैदानावर हा विषय घेता येईल का? ऋण निर्देशकांपाशी मुले फार अडखळतात.
— एक शिक्षिका, मोहोळ तालुका

उत्तर : अवश्य घेता येईल, आणि कागद भरपूर असला तरीही पहिले दोन तास मैदानावरच घ्यावेत असे मी म्हणेन. मैदानावर फक्कीने एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन लांब रेषा आखाव्यात. दोरीला समान अंतरावर गाठी मारून त्या दोरीनेच दोन्ही अक्षांवर खुणा कराव्यात, म्हणजे दोन्ही अक्षांवरील एकक सारखे राहील. व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल आणि तिच्या लाद्या चौरस व ओळीने बसवलेल्या असतील, तर आखण्याचेही श्रम नाहीत. मात्र मुले फरशीच्या मध्यावर उभी राहतील, त्यांना चार फरश्यांचे कोपरे जिथे मिळतात त्या जागेवर पाऊल ठेवायला सांगावे. वर पूर्वभागातील पालकांना जे लिहिले तेच इथेही लागू आहे.

मैदानावर दोन गोष्टी जपाव्या लागतात, आणि त्या पुस्तकात लिहिलेल्या नसतात. पहिली आपल्यासाठी आहे. आपण सवयीने मुलांकडे तोंड करून उभ्या राहतो, त्यामुळे आपला उजवा हात हा मुलांचा डावा होतो आणि आपण "उजवीकडे" म्हणून दाखवलेली दिशा त्यांच्या दृष्टीने ऋण दिशा ठरते. या तासापुरते आपण मुलांच्या मागे, त्याच दिशेला तोंड करून उभे राहावे. दुसरी गोष्ट मुलांसाठी आहे. (−३, २) या बिंदूवर जायला सांगितले की मूल डावीकडे वळते, तीन पावले सरळ चालते, आणि मग "दोन वर" म्हटल्यावर ते ज्या दिशेला तोंड आहे त्याच दिशेने आणखी दोन पावले टाकते. त्याचे गणित चुकलेले नसते, त्याचे शरीर फिरलेले असते. म्हणून आरंभीच एक नियम करावा : तोंड सतत ध्वजस्तंभाकडे ठेवायचे, ती वाय-अक्षाची धन दिशा, डावीकडे-उजवीकडे जायचे ते बाजूने सरकत, आणि खाली जायचे ते पाठमोरे. हा एक नियम पाळला की ऋण चिन्ह म्हणजे केवळ विरुद्ध दिशा, हे मुलांना पायांनी कळते. माझ्या वर्गात ऋण निर्देशकांच्या निम्म्याहून अधिक चुका एवढ्यानेच थांबल्या होत्या.

त्यानंतर चार मुलांना (२, ३), (−२, ३), (−२, −३) आणि (२, −३) या जागी उभे करावे आणि त्यांच्या हातात दोरी द्यावी. आयत तयार होतो आणि प्रत्येक मूल वेगळ्या चरणात असते. चरणांचा क्रमही याच वेळी घ्यावा : पहिल्या चरणापासून सुरुवात करून घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजत जायचे. कोणत्या चरणात कोणते चिन्ह याचा तक्ता पाठ करून घेऊ नये. जो आत्ताच चालून गेला आहे त्याला तो लागत नाही. मग वर्गाला विचारावे की मोजपट्टी न लावता या आयताच्या बाजू सांगता येतील का. −२ पासून २ पर्यंत चार एकके आणि −३ पासून ३ पर्यंत सहा एकके, हे काही मुले लगेच सांगतील. काही मुले २ आणि ३ सांगतील, आणि त्यांना दोरीवरच्या गाठी मोजू द्याव्यात.

वेळ उरल्यास आणखी एक प्रयोग करावा. चारही मुलांना जागेवरच ठेवून आरंभबिंदूची खूण उजवीकडे एक एकक सरकवावी आणि प्रत्येकाला आपले नवे निर्देशक विचारावेत. (२, ३) वरचे मूल आता (१, ३) म्हणेल आणि (−२, ३) वरचे मूल (−३, ३) म्हणेल. सर्वांचे आकडे बदलले, तरी आयत तसूभरही हललेला नाही. बिंदूची जागा आणि बिंदूचे निर्देशक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही फार पुढे उपयोगी पडणारी जाणीव इतक्या लहान वयात इतक्या सोप्या रीतीने मिळू शकते. या प्रयोगाविषयी मला मनापासून आस्था आहे, आणि तो आपण जरूर करून पाहावा.

प्रश्न : मुलीने मे महिन्यातील आठवड्याच्या तापमानाचा आलेख काढला. सर्व बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले आहेत. आकड्यांत तर चढउतार होते. चूक कुठे असावी?
— एक पालक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : वाय-अक्षावर तिने आकडे कोणत्या क्रमाने लिहिले आहेत ते पाहावे. समजा, नोंदलेली तापमाने ४०, ४१, ४३, ४२, ४४ अंश अशी होती. कित्येक मुले हेच आकडे नोंदीच्या क्रमाने अक्षावर समान अंतरावर लिहून टाकतात. मग प्रत्येक दिवसाचा बिंदू आपोआप एक घर उजवीकडे आणि एक घर वर जातो, आणि आलेख सरळ रेषा होतो. अक्षावरील आकडे मोजपट्टीवरील आकड्यांसारखे असतात. ते चढत्या क्रमाने आणि समान फरकाने, आधी ठरवलेल्या प्रमाणाप्रमाणे लिहायचे असतात, आणि हाती आलेली माहिती नंतर त्यांच्यावर ठेवायची असते. ० ते ४० हा भाग वगळायचा असल्यास अक्षाच्या मुळाशी नागमोडी खूण करावी आणि प्रमाण कोपऱ्यात लिहावे.

प्रश्न : आमच्या शालेय जीवनात "भुज" आणि "कोटी" हे शब्द होते, अक्षांना "क्ष" आणि "य" म्हणत. नातवाच्या पुस्तकात ते दिसत नाहीत. हे शब्द चुकीचे होते का? आणि छतावरच्या माशीवरून निर्देशक सुचले, ही गोष्ट खरी आहे का?
— एक निवृत्त वाचक, बार्शी

उत्तर : ते शब्द मुळीच चुकीचे नव्हते, आणि त्यांच्यामागील परंपरा फार जुनी आहे. काटकोन त्रिकोणाच्या काटकोनाला लागून असलेल्या दोन बाजूंपैकी एकीला भुज म्हटले की दुसरी कोटी आणि समोरची बाजू कर्ण, ही भाषा भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या "लीलावती"त आहे. बिंदूकडे जाण्याची आपली चाल आठवून पाहावी : आडवे गेलो तो भुज, वर चढलो ती कोटी, आणि आरंभबिंदूपासून त्या बिंदूपर्यंतचे थेट अंतर हा कर्ण. (३, ४) हा बिंदू आरंभबिंदूपासून पाच एकके दूर आहे हे आपल्या नातवाला आपण याच शब्दांत समजावून सांगावे. आजच्या पुस्तकांत एक्स-निर्देशक आणि वाय-निर्देशक हे शब्द रूढ झाले आहेत, पण अर्थ तोच आहे.

माशीच्या गोष्टीला देकार्तच्या काळातील आधार नाही. ती नंतर सांगितली जाऊ लागली. रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथात वक्ररेषा समीकरणांनी मांडण्याची रीत दिली, आणि त्याच सुमारास पिएर द फर्मा हाही स्वतंत्रपणे त्याच विचारापर्यंत आला होता. आज आपण काढतो तसे धन आणि ऋण भाग असलेले दोन काटकोनी अक्ष मात्र देकार्तच्या पुस्तकात नाहीत. ते पुढच्या गणितज्ञांनी हळूहळू घडवले.

प्रश्न : मुलीने मोबाइलमधील नकाशात सोलापूरचे निर्देशक शाळेत शिकवल्याप्रमाणे, आधी आडवा आणि मग उभा आकडा, असे घातले. नकाशाने भलत्याच समुद्रातील जागा दाखवली. असे का झाले?
— एक पालक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : तिने शाळेतील नियम बरोबर पाळला, नकाशाचा संकेत वेगळा आहे. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. रेखांश हा आडव्या दिशेचा आकडा आहे, पण नकाशात आणि भूगोलात अक्षांश, म्हणजे उभ्या दिशेचा आकडा, आधी लिहिण्याची रीत आहे. तिने आधी ७५.९ घातल्यामुळे नकाशाने ७५.९ अंश उत्तर आणि १७.७ अंश पूर्व असे वाचले, आणि ती जागा नॉर्वेच्या उत्तरेला, स्पिट्सबर्गन बेटाच्या दक्षिणेकडील बर्फाळ समुद्रात येते. अक्षांश ९० अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे ९४.९ अंश रेखांशावरील दिब्रुगढच्या बाबतीत हीच अदलाबदल नकाशाने स्वीकारली नसती; आपल्याकडचा आकडा ९० च्या आत असल्याने तो बिनतक्रार स्वीकारला गेला. मुलीला या चुकीबद्दल शाबासकीच द्यावी, कारण "क्रमित" या शब्दाचा अर्थ तिला आता कायमचा कळला असेल.

याच आकड्यांवरून तिला एक उदाहरण घालता येईल. पंढरपूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. रेखांश आडव्या आणि अक्षांश उभ्या अक्षावर घेऊन दोन्ही गावे आलेखकागदावर दाखवायला सांगावीत. दोहोंचा उभा निर्देशक जवळजवळ सारखा असल्याने त्यांना जोडणारी रेषा आडव्या अक्षाला समांतर येईल. कागदावर दोन्ही दिशांचे एकक आपण सारखे घेतो, परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा भरतो. दोन्ही गावांच्या रेखांशांतील फरक ०.६ अंशाच्या आसपास आहे. त्यावरून सरळ अंतर साठ किलोमीटरच्या थोडेसे पुढे येईल. एस.टी.च्या प्रवासात ते याहून जास्त भरते, त्याचे कारण तिला स्वतःला नकाशावर रस्त्याची वळणे पाहून शोधू द्यावे.